दोन आखूड, एक लांब

नवा पेट्रोल पाइप टाकीला जोडण्याआधी आम्ही तोंडाने फुंकर मारून बघतो. कॉम्प्रेसर कोपऱ्यात आहे, पण त्याचा जोर एवढा की वळणात कुठे चेप असला तरी हवा दामटून पार होते. वडिलांनी शिकवलेली रीत अशी: एकाने इंजिनाकडच्या टोकाला ओठ लावायचे, दुसऱ्याने टाकीकडच्या टोकाला गाल. गालाला वारा लागला की "आली" म्हणायचं. हवा कुठे अडखळली ते फुंकणाऱ्याला आपोआप समजतं.

फुंकायचं काम माझं. गाल लावायचं काम धाकट्या भावाचं, कारण त्याला लहानपणापासून दमा. शेडमध्ये तो कुठे आहे ते मला न बघता कळे. दोन आखूड श्वास, मग एक लांब शिट्टी. एका अंथरुणावर वाढलो आम्ही. ती शिट्टी ऐकल्याशिवाय मला झोप लागत नसे. त्याची बायको रोज डबा देताना मला बजावायची, "भाऊजी, यांना पाइपला तोंड लावू देऊ नका. यांचा श्वास तुमच्या हवाली करून पाठवते मी."

त्या आठवड्यात एक बाई जुनी गाडी घेऊन आल्या. म्हणजे ओढून आणली. साईच्या रंगाची, गोल पाठीची, दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी. वडिलांची गाडी, म्हणाल्या.

"बाबा याच सीटवर गेले हो. स्वतःच पाइप बदलला, फुंकून पाहिला, स्वतःच चालू केली, फेरी मारू म्हणून बसले आणि दारातच गेले. तेव्हापासून उभी आहे. आई आता थकलीय. तिला एकदा हिच्यातून फिरवायचंय."

"फिरवू की," धाकटा म्हणाला. "फक्त आधी उंदरांना नोटीस द्यावी लागेल."

बाई हसल्या. बॉनेटमध्ये खरंच घरटं निघालं.

कार्बोरेटर धाकट्याने उघडला. आत पेट्रोलचा डिंक झाला होता. त्याने जेट तारेने साफ केले, फ्लोट पाण्यात बुडवून गळतो का पाहिलं, गास्केट नवं कापलं. मी जुना पाइप काढला. गंजून चाळण झालेला, पण वळणं सुरेख होती. ज्याने वाकवला त्याला घाई नव्हती. त्याच्याच मापाने मी नवा तांब्याचा पाइप वाकवला आणि गाडीखालून टाकीपर्यंत नेऊन बसवला.

मग फुंकायची वेळ आली, आणि घोटाळा झाला. माझी कवळी तुटून दुरुस्तीला गेली होती. ओठ पाइपवर धरेनात. मी जीव तोडून फुंकलं. सगळी हवा ओठांच्या कडेने सुटली.

"दादा, टायर पंक्चर आहे तुझा," धाकटा म्हणाला. "हो बाजूला."

"अजिबात नाही. तुझी बायको मला उभा चिरेल."

"एका फुंकरीने मरत नाही मी. आणि तिला सांगणार कोण?"

ऊन चांगलं वर आलं होतं, बाई अकराला आईला घेऊन येणार होत्या. मी मागे गेलो, जमिनीवर कुशीवर झालो आणि पाइपाच्या टोकाला गाल लावला.

फुंकर आली. ऊबदार, सरळ, कुठेही न अडखळता.

"आली," मी म्हणालो.

ती येतच राहिली.

"अरे पुरे, आली म्हटलं ना!"

"मी केव्हाच थांबलोय," धाकट्याचा आवाज आला. पण समोरून नाही. मी मान वळवली. तो भिंतीपाशी उभा राहून फडक्याला हात पुसत होता.

माझ्या गालावर अजून ऊब लागत होती. मग ती थांबली. आणि गालाची कातडी पाइपात ओढली गेली. अगदी हलकेच, बाळ दूध ओढतं तशी. पुन्हा वारा बाहेर. दोनदा आखूड. एकदा लांब.

मी झटक्यात उठलो. डोक्याला बंपर लागला.

"काय झालं?"

"काही नाही. पाइप उन्हाने तापलाय, हवा फुगतेय आत." मी म्हणालो ते मला पटलंही. पत्र्याच्या शेडमध्ये हवा काहीही करते. मी टाकी जोडली, क्लिपा आवळल्या. पुढे येऊन पाइप पंपाला लावला, पंपापासून रबरी नळी कार्बोरेटरला. नट आलटून पालटून, थोडे थोडे घट्ट केले. कॅनच्या तळाशी होतं तेवढं पेट्रोल टाकीत ओतलं. कुठे थेंब दिसला नाही.

मग मला जाणवलं की शेडमध्ये फार शांत आहे.

धाकटा शिडीवर चढून वरच्या फळीवरचा एअर फिल्टर काढत होता आणि गाणं गुणगुणत होता. शिडीवर. गाणं.

"दादा, छाती कशी मोकळी झालीय बघ. पेट्रोलचा वास औषधी असतो की काय?"

त्याची शिट्टी गेली होती.

मी चोक ओढला, किल्ली फिरवली. इतकी वर्षं थांबलेली गाडी, पण स्टार्टरने जेमतेम एक वळसा घेतला आणि इंजिन लागलं. धाकट्याने टाळी वाजवली. कार्बोरेटरवर वाकून त्याने स्क्रू थोडा फिरवला, पुन्हा थोडा.

"रेस सोडली की स्लोला खोकतेय लबाड. ऐक ना."

मी ऐकलं. इंजिन दोनदा आखूड भरत होतं आणि मग लांब शिट्टीसारखं सोडत होतं. तो आवाज मी अंधारात, रजईखाली, सारं बालपण ऐकला होता.

मी किल्ली बंद केली.

"अरे, बंद कशाला..." धाकटा बोलत होता. वाक्य तिथेच राहिलं. तोंड उघडं, छाती थांबलेली. शिट्टी नाही, धाप नाही, काहीच नाही. ओठ निळे होत गेले. डोळे माझ्याकडे.

माझ्या हाताने आपणहून किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. धाकट्याने श्वास ओढला आणि मडगार्डवर टेकला.

"चक्कर आली वाटतं," तो म्हणाला. "चहा नाही झाला सकाळपासून."

मला खात्री करायची होती आणि करायची नव्हतीही. तो चहाबद्दल बोलत असताना मी बॉनेटपाशी आलो आणि रबरी नळी दोन बोटांत हलकेच दाबली. इंजिन खाली बसायला लागलं.

त्याचा शब्द खाली बसायला लागला.

मी नळी सोडली. हात खिशात घातले.

तेवढ्यात बाई आल्या. एका हाताने म्हाताऱ्या आईला धरलेलं. "अय्या, चालू झाली! आई, ऐकलंस?"

म्हातारी दारातच थांबली होती. ती ऐकत होती. मान किंचित हलत होती. दोनदा पटपट, एकदा सावकाश. मग तिने विचारलं, "फुंकर कुणी मारली?"

"मी, आजी," धाकटा हसत म्हणाला. "दादाला दात नाहीत ना!" आणि माझ्याकडे वळला. "काय रे, धुराने भरली शेड. बंद करतो आता."

त्याने खिडकीतून हात घातला.

मी धावलो, पण मध्ये गाडी होती.

म्हातारीने काठी टाकली. कशी पोचली देव जाणे, पण तिने त्याचं मनगट किल्लीपाशी धरलं, दोन्ही हातांनी.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "मी केली होती बंद."

लेक गोंधळून बघत राहिली. धाकटा हसायचा थांबला.

म्हातारीने मनगट सोडलं नाही. मान न वळवता, अगदी हळू, तिने मला विचारलं, "टाकीत किती आहे?"