परका हात

खंडेनवमीच्या दुपारी शिंत्र्यांच्या बंदुकीनं पोलिसांत वर्दी दिली. हो, बंदुकीनंच. घरातल्या माणसांना त्याचा पत्ताच नव्हता, ती बिचारी पेढे वाटत होती.

तसं सगळं दरवर्षीसारखंच झालं होतं. सारिकानं सोप्यात पाट मांडून त्यावर विळे, कोयते, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने आणि यंदा पहिल्यांदाच मधोमध बंदूक ठेवली. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. आळीतली माणसं आली, वाकून एकेका हत्याराला हात लावून कपाळाला लावून गेली. आजरा भागातल्या त्या गावात हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. पण मंडळी पांगली आणि थोड्या वेळानं बंदुकीच्या मुठीवरचा हिरवा ठिपका तांबडा झाला, खटका आतल्या आत अडकला आणि सारिकाच्या फोनवर निरोप आला : ‘आपल्या शस्त्रास सतरा परके हात लागले आहेत. उद्या सकाळी ठाण्यात शस्त्रासह हजर राहावे.’

“आयला, मोजलं बी?” धनाजी, तिचा नवरा, हसला. नेहमी तो हसला की आळीला ऐकू जायचं. आज हसू तोंडातच आटपलं. सारिकाला वाटलं, पेढा घशात अडकला असेल.

या मुठीला ‘साक्षीमूठ’ म्हणत. सरकारनं ती प्रत्येक परवान्याच्या बंदुकीला सक्तीची केली, त्याला कारणही तसंच होतं. स्वच्छ कागदाचा माणूस दुकानात जाऊन बंदूक घ्यायचा आणि मागच्या दारानं भलत्याच्याच हातात द्यायचा. कागद एकाचा, बोट दुसऱ्याचं. साक्षीमूठ डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकून तळहाताच्या आतल्या शिरांची नक्षी वाचते, आणि ती नक्षी जुळ्या भावांचीही एक नसते. मालकाचा हात लागला तर खटका सुटतो. दुसऱ्याचा लागला तर खटका बंदच राहतो, पण तो हात मुठीच्या लक्षात राहतो. किती वेळ धरली आणि कशी धरली, तेसुद्धा.

परवानेवाल्यांनी तेव्हा मोर्चा काढला होता. “गव्यांपासून पीक आम्ही राखायचं, आणि तुम्ही पहारा आमच्यावरच बसवणार?” सरकारचं म्हणणं होतं, कर नाही त्याला डर कशाला? सारिकाला दोन्ही बाजू पटायच्या. हीच तिची अडचण. एकाचं ऐकलं की तो खरा वाटे, दुसऱ्याचं ऐकलं की तो.

परवाना तिच्या नावावर होता, त्याचीही एक गंमत. पहिला अर्ज धनाजीनं केलेला. पण पोरवयात जत्रेतल्या मारामारीत त्यानं एकाचं डोकं फोडलं होतं. खटला कधीच मिटला, डोकंवाला आता लग्नकार्याला जेवायला येतो, पण संगणक म्हणाला, नाही म्हणजे नाही. मग सारिकानं अर्ज केला, नेम शिकली आणि बंदूक घरात आली. उसात गवे शिरले की धनाजीनं बॅटरी मारायची आणि सारिकानं हवेत बार काढायचा. गाव त्याची फिरकी घ्यायचं, “काय धनाजीराव, शिंकायला तरी मुभा हाय न्हवं?” तोही हसायचा. हसायचा म्हणजे सगळं बरं आहे, असं सारिका धरून चालली होती.

ठाण्यात फौजदार शबनम मुल्लाणी बसल्या होत्या. त्यांनी टेबलावरचं जबाबाचं यंत्र बंद ठेवलं आणि चहा मागवला, तेव्हा सारिकाच्या जिवात जीव आला.

“ताई, बंदूक कुणाची?”

“घरची.”

“घरची म्हणजे?”

“म्हणजे... घरची. आमची. शेताची म्हणा की.”

मुल्लाणीबाई हसल्या. “कायद्यात घराला हात नसतो. माणसाला असतो. हे यंत्र चालू असताना ‘घरची’ म्हणाला असतात, तर बंदूक वाटून वापरता अशी नोंद झाली असती. बरं, घाबरू नका. माझ्या अब्बांच्या गॅरेजमध्येही कामगार या दिवशी पान्यांना हळद लावायचे. अशा हातांसाठी ‘पूजेची सूट’ आहे. यंत्रासमोर एवढंच म्हणायचं, ‘परका हात नव्हता, सगळे पूजेचे होते.’ मूठ सगळं विसरते. बंदूक घेऊन घरी जा.”

“मग म्हण की,” धनाजी घाईनं म्हणाला. “म्हण आन् चल.”

“थांबा जरा.” मुल्लाणीबाईंनी खुर्ची पुढं ओढली. “सोळा हात नुसते टेकलेत, हळदीचे. सतराव्यानं मूठ आवळून धरली. खटका दाबून पाहिला, मुठीचं कुलूप खालून चाचपलं. पुजणारा असं धरत नाही ताई, घेणारा धरतो. आणि हाच हात आमच्याकडं आधी आलाय. गेल्या महिन्यात चोरून बंदुका विकणारा एकजण धरला. त्याच्याकडच्या एका चोरीच्या बंदुकीचं कुलूप फोडलं होतं, पण मुठीची आठवण पुसली नव्हती. तिच्यावर हाच हात होता. म्हणजे तुमच्या पूजेला आलेलं कुणीतरी तिथं गिऱ्हाईक म्हणून गेलं होतं.”

सारिकानं चहाचा कप खाली ठेवला. “घेतली त्यानं?”

“तेच कळत नाही. त्या विकणाऱ्याच्या बाकीच्या मालाला साक्षीमूठ नव्हतीच. त्या बंदुका कुणाचाच हात ओळखत नाहीत.”

“मग बोलवा की सगळ्यांस्नी. हात बघा,” सारिका म्हणाली.

“तुमच्या जबाबाशिवाय कुणाचा हात मागता येत नाही मला. तुमच्याच मोर्चानं हा नियम करून घेतलाय, आणि चूक नाही केली. तुम्ही ‘परका हात होता’ म्हणालात, तर बंदूक जमा, परवाना थांबला आणि सतराही जण इथं. ‘नव्हता’ म्हणालात, तर सोळांबरोबर सतरावाही पुसला जाईल. मूठ अर्धं विसरत नाही.”

हे काय झेंगट मागं लागलं! सारिका एकेक चेहरा आठवू लागली. रामूतात्यांचे हात तर कापतात. दत्ता गुरव मुंगीला बाजूला करून पाऊल टाकणारा. अण्णू सुतार? छे, छे. ज्याला आठवावं तो संशयित वाटे, आणि लगेच स्वतःची लाज वाटे. ‘नव्हता’ म्हणून मोकळं व्हावं, तर उद्या त्या बिनओळखीच्या बंदुकीनं कुणाचा जीव गेला म्हणजे? ‘होता’ म्हणावं, तर अख्खी आळी ठाण्याच्या पायरीवर, आणि ऊस गव्यांना मोकळा.

“कशाला ताणतीस? म्हणून टाक,” धनाजी म्हणाला.

तिनं वळून पाहिलं. बोलताना सतरा वेळा हातवारे करणारा तिचा नवरा दोन्ही हात खिशात कोंबून बसला होता.

“मॅडम, पाणी पिऊन आलोच आम्ही,” ती म्हणाली.

नळापाशी गेल्यावर तिनं इकडंतिकडं पाहिलं. “अहो, हात दाखवा.”

“खुळी का काय तू?”

“तुम्हीच न्हवं?”

त्यानं नळाकडं तोंड फिरवलं. “बघाय गेलो हुतो फकस्त. घेतली न्हाई. आईशप्पत.”

“पर कशाला?”

“कशाला म्हंजे? गवा आला की बायकोला हाक मारायची. माझ्याच बांधावर मी पाव्हणा! एकदा डोस्कं फोडलं, ते जल्मभर. काल पाटावर बघितली आन् वाटलं, मुठीत बसती का बघावी.”

“मला सांगायचं हुतं न्हवं.”

“बोलून काय? तुझा तळहात काढून देणार हुतीस?”

तिला त्याची कीव आली, रागही आला, आणि मनापासून भीती वाटली. तिन्ही एकदमच. एवढी वर्षं शेजारी बसून त्याचं हसू ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही, असं झालं तिला.

“खरं सांगा. घरात, शेतात, कुठं ठेवलीया का?”

“न्हाई म्हटलं न्हवं?”

हेही तो नळाकडं बघूनच बोलला. पण शरमेचं काही असलं की तो असाच बोलतो, लग्न झाल्यापासून. मग हे खोटं म्हणायचं की नुसती शरम? साक्षीमुठीला शिरा वाचता येतात. तिला समोरचा नवरा वाचता येईना.

दोघं आत आली. मुल्लाणीबाईंनी दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि यंत्राचं बटण दाबलं.

“सारिका धनाजी शिंत्रे, तुमच्या शस्त्राला परका हात लागला होता का? हो किंवा नाही.”

धनाजीनं मान खाली घातली. सारिकानं ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. नंतर ‘हो’ म्हणायला. दोन्ही शब्द खोटे वाटत होते, आणि दोन्ही खरे.

“मॅडम,” शेवटी ती म्हणाली, “आधी तुम्ही मला एक सांगा. नवरा परक्यात धरायचा, का आपल्यात?”