चुंबळीचा प्रश्न

सुगंधा तांडेल भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि डाव्या हाताने चालमोजे चढवू लागल्या. या मोज्यांच्या तळव्यात केसाएवढ्या तारा विणलेल्या होत्या. पाऊल टेकलं की त्याचा भार समोरच्या भिंतीवर रंगात उमटे. तोल सावरलेला असला की हिरवा, ढळला की नारिंगी. रत्नागिरीच्या त्या भौतिकोपचार महाविद्यालयात आता कुणाला याचं नवल वाटत नसे.

उजव्या अंगावरून वारं गेल्याला नऊ महिने झाले होते. सुगंधाबाई आठ पावलं चालून पुन्हा बसल्या. आठही नारिंगी. भिंतीतून ‘मार्गी’चा शांत आवाज आला, “सहा आठवडे प्रगती नाही. उपचार थांबवून चाकाची खुर्ची द्यावी, अशी शिफारस आहे.”

मार्गी म्हणजे जगभरचे वैद्यकीय शोधनिबंध वाचून सल्ला देणारी यंत्रणा. तिच्या शिफारशीवर सही करायची, एवढंच शेवटच्या वर्षाच्या उत्कर्षा मोहितेचं काम उरलं होतं. ती साताऱ्याकडची, चार वर्षं मार्गीला विचारून विचारून शिकलेली. तिने सही करायला स्क्रीनची पाटी हातात घेतली.

“खुर्ची आमच्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून उतरायची नाही,” सुगंधाबाई म्हणाल्या. “म्हणजे मी घरातच. होय ना गो?”

मग सुगंधाबाई उठल्या. धुवायच्या मोज्यांचं घमेलं वाटेत होतं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलाची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली, डाव्या हाताने घमेलं उचलून तिच्यावर टेकवलं आणि दाराकडे निघाल्या. तीस वर्षं त्यांनी मासळीची पाटी अशीच वाहिली होती. उत्कर्षा त्यांना धरायला धावली आणि भिंतीकडे बघून थबकली. पाच पावलांतली चार हिरवी होती.

तिने मार्गीला विचारलं, “डोक्यावर वजन असताना अशा रुग्णाचा तोल सुधारतो का?”

“याला पुरावा नाही. शिफारस नाही.”

सही न करता ती डॉ. फरीदा मुकादम यांच्याकडे गेली. मुकादम मॅडमचा एक नियम साऱ्या महाविद्यालयाला जाचक वाटे. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने तीन महिने मार्गी बंद ठेवून एका प्रश्नाचा स्वतः शोध घ्यायचा. उत्कर्षाने तोवर प्रश्नच निवडला नव्हता.

“पुरावा नाही म्हणजे काय?” मॅडमनी विचारलं. “कुणी शोधलं आणि सापडलं नाही, की कुणी शोधलंच नाही?”

“ते मार्गीने सांगितलं नाही.”

“तू विचारलं नाहीस. जा, बघ.”

उत्कर्षा ग्रंथालयात बसली. पहिले चार दिवस तिला निबंधांचे निष्कर्षच वाचायची सवय सुटेना. मग ती मधली, कंटाळवाणी पानं वाचू लागली. कोणते रुग्ण घेतले, कसे निवडले, काय मोजलं. तोलावरचे दोनशे बारा निबंध तिने चाळले. जवळजवळ सगळे रुग्ण दूरच्या शहरांतले, बैठं काम केलेले, रिकाम्या हातांनी चालणारे. ओझं वाहणाऱ्या बायकांवर तीन निबंध होते, पण त्या सगळ्या धडधाकट. हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता.

मॅडमनी तिला प्रयोग आखायला लावला. नीतिसमितीने मानेचा एक्स-रे मागितला, छतापासून आधारपट्टा हवा म्हणाली आणि वजन एक किलोपासून सुरू करायला सांगितलं. कोणत्या दिवशी वजन ठेवायचं ते चिठ्ठी टाकून ठरणार होतं, आणि भिंतीवरच्या पावलांची नोंद नंतर मोजणाऱ्या वर्गमित्राला, हरीशला, तो दिवस कोणता हे कळू द्यायचं नव्हतं.

संमतीपत्र वाचून दाखवल्यावर सुगंधाबाईंनी विचारलं, “म्हणजे काय होईल ते तुला पण ठाऊक नाही?”

“नाही, मावशी.”

“आजवर सगळे ठाऊक असल्यासारखंच बोलत होते.” त्या जराशा हसल्या. “चल तर. बघू दोघी मिळून.”

चार आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात एका वजनाच्या दिवशी सगळी पावलं नारिंगी उमटली. आदल्या रात्री मावशींना झोप नव्हती, म्हणून तो दिवस वगळूया, असं उत्कर्षा म्हणाली.

“चांगल्या दिवशी त्यांची झोप विचारली होतीस?” मॅडम म्हणाल्या.

उत्कर्षाचा चेहरा उतरला. तिने तो दिवस तसाच नोंदवला.

शेवटी आकडे उलगडले तेव्हा तो दिवस धरूनही फरक उरला. वजनाच्या दिवशी झोक जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होता, आणि महिन्याअखेर वजनाविनाही पावलं सुधारली होती. उत्कर्षाने तीनदा हिशेब तपासला, मग खुर्चीची शिफारस नामंजूर करून सही केली. पुढच्या दोन महिन्यांत सुगंधाबाई पाखाडी उतरायला शिकल्या. मासळीची पाटी त्यांनी पुन्हा घेतली नाही. पण एका सकाळी बंदरावरच्या लिलावात त्या काठी टेकून उभ्या राहिल्या आणि सुरमईचा भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी सगळ्यांदेखत गप्प केलं. उत्कर्षा मागे उभी होती. तिला रडू आलं, ते तिने खाऱ्या वाऱ्यावर ढकललं.

मात्र दुसऱ्या रुग्णाबाबत ती हरली. निवृत्त ग्रंथपाल असलेल्या लीलावती पटवर्धनांना डोक्यावर एक किलो ठेवताच अधिकच झोकांड्या जाऊ लागल्या. आधारपट्ट्याने त्या सावरल्या. उत्कर्षाने प्रयोग तिथेच थांबवला आणि अपयशही तितक्याच तपशिलाने लिहिलं. त्यांनी जन्मात डोक्यावर काही वाहिलं नव्हतं. कारण तेच असेल का? तिने लिहिलं, ‘शक्य आहे. दोन रुग्णांवरून सांगता येत नाही.’

निबंध छापून आला. आता कुणी तोच प्रश्न विचारला, की मार्गी म्हणे, “एका रुग्णाला उपयोग, एकाला अपाय. कारण अज्ञात.” ‘शिफारस नाही’पेक्षा हे उत्तर उत्कर्षाला कितीतरी खरं वाटे.

पुढे महिनाभराने तिला एक अनोळखी निरोप आला. गडचिरोलीजवळच्या केंद्रात शिकणारी कुसुम मडावी लिहीत होती, “ताई, मी मार्गीचं उत्तर वाचलं. आमच्याकडे आयुष्यभर डोक्यावरून सरपण वाहिलेल्या सात बाया आहेत. सगळ्यांना खुर्ची सांगितली आहे. मी सही केलेली नाही. पण सुरुवात कुठून करायची, ते कळत नाही.”

उत्कर्षाने आपली सगळी टिपणं जोडली, आखणी जोडली, चुकांची यादीही जोडली. निरोप पाठवणार तोच ती थांबली. एवढं सगळं आयतं दिलं, तर कुसुम ते वाचून माझंच उत्तर गिरवील. तिने जोडलेलं सगळं काढून बाजूला ठेवलं, नंतर पाठवण्यासाठी. मग फक्त दोन ओळी लिहिल्या.

“त्या सात जणींना आज चालताना तू स्वतः पाहिलंस का? आणि पाहताना तुला कळलं नाही असं काय होतं?”