शिवशरणाच्या लॉरीचा ड्रम

वात जरा बारीक करा, अन् मधी कुणी उठू नका. ही बनवलेली गोष्ट न्हाय पोरांनो. बलभीम मिस्त्री आमच्याच आळीतला. त्यानं सांगितली तशी सांगतो.

महाराष्ट्र राज्य झालं, त्या सालची येळवस, मार्गशीर्षातली अवस. दिवसभर शेतात भज्जी-आंबील खाऊन लोक दमून आलेले. अवसेचा अंधार पडला अन् येरमाळ्यात सामसूम झाली. बलभीम अंथरूण टाकत होता, तेवढ्यात किराणा दुकानवाला शिवशरण दारात आला. अनवाणी. त्याची बायको शिवगंगा दिवस भरलेली.

"मिस्त्री, हत्यारं घ्या. शिवगंगाचं अडलंय. दाई म्हणती मूल आडवं हाय, बार्शीला न्या, न्हायतर मायलेकरू दोघंबी जातील."

"बैलगाडी जुंपा की अण्णा."

"बैलगाडीनं सकाळ व्हईल. लॉरी हाय दारात, पण मागचं चाक जाम झालंय."

ती जुनी लॉरी शिवशरणानं सोलापूरकडून आणलेली. पावसाळाभर दारातच भिजत उभी होती. बलभीमनं जॅक लावला, चाक उतरवलं, चाकामागच्या ब्रेकच्या लोखंडी ड्रमच्या कडेनं रॉकेल सोडलं. ब्रेकचं लायनर गंजून ड्रमला आतनं चिकटलं होतं. हे नेहमीचंच दुखणं. हातोड्यानं भोवतीनं ठोकत गेलं की सुटतं. शिवशरण कंदील धरून होता. घरातनं शिवगंगाची किंकाळी आली, तसा कंदील मागच्या फळीच्या साखळीला अडकवून तो आत पळाला.

बलभीम ठोकत राहिला.

"जरा दमानं, मिस्त्री. माझा हात हाय."

आवाज लॉरीखालून आला. त्याला वाटलं, शिवशरणच पलीकडनं खाली शिरलाय.

"तिथं कशाला शिरलात अण्णा? काढा हात."

त्यानं पुन्हा हातोडा उचलला. मग...

"निघंना."

तेवढ्यात घराचं दार वाजलं. शिवशरण उंबऱ्यात उभा होता. "झालं का मिस्त्री? तिची शुद्ध हरपाय लागली."

बलभीमचा हातोडा वरच राहिला. कंदील काढून त्यानं लॉरीखाली बघितलं. माती. रॉकेलचे ठिपके. बाकी काही न्हाय.

"अण्णा, ह्या गाडीचं काय झालं होतं? खरं सांगा."

शिवशरणानं नजर चुकवली. "घाटात चाकाला दगड लावताना हिचा क्लीनर गेला. ह्याच चाकात हात सापडला त्याचा. तसाच फरफटत... आत्ता कशाला ते? हाणा तुम्ही!"

"हात हाय म्हणतोय तो."

"मेला तो मेला! माझी आत जिती हाय!" शिवशरणानं हातोडा हिसकावला अन् ड्रमवर घातला.

ड्रममधनं आवाज आला. लोखंडाचा नव्हे. दातांत दाबून धरलेला... माणसाचा.

शिवशरणाच्या हातातनं हातोडा गळाला. तो तिथंच मातीत बसला. घरातनं दाई ओरडली, "अहो, निघा की!"

बलभीम सांगायचा, त्या घडीला उठून पळावं असंच वाटलं. पण दोन्हीकडं माणूसच कण्हत होतं. एक घरात, एक चाकात. तो पाना घेऊन लॉरीखाली शिरला. ड्रमच्या मागल्या अंगाला ब्रेक सैल करायचा स्क्रू असतो, तोही गंजलेला. पोचायचं तर गाल ड्रमला टेकवावा लागला. थंडीचे दिवस. ड्रम गार पाहिजे होता.

कोमट होता.

"मी मारत न्हाय," बलभीम हळूच म्हणला. "सैल करतो. सुटलं की काढ."

पाना घसरला. पुन्हा लावला. घसरला.

अंधार. श्वास. त्याचा... अन् आणखी एक.

स्क्रू कर्रकन फिरला.

"काढ."

...

ड्रम आपोआप फिरला. थांबला. अन् अलगद पुढं सरकून मातीत बसला.

आत गंज होता. लायनरचा चुरा होता. हात नव्हता.

साफ केलं, ड्रम बसवला, चाक चढवलं. शिवगंगाला पोत्यांवर निजवली. शिवशरण चालवायला बसला, बलभीम मागं दाईजवळ. वाटभर त्याचा कान चाकाकडंच होता. चाक गप्प होतं.

बार्शीत दवाखान्याच्या दारापुढं उतार. शिवशरणानं इंजन बंद केलं अन् तिघांनी मिळून शिवगंगाला आत नेलं. तांबडं फुटायच्या आधी पोरगी रडली. आईबी वाचली. शिवशरण भिंतीला डोकं लावून हुंदके द्यायला लागला, अन् बलभीमला एकाएकी आठवलं. स्क्रू एवढा सैल केल्यावर हँडब्रेक कुठला धरतोय? लॉरी उतारावर तशीच सोडलेली. अन् खाली चहाचं हॉटेल. बाहेर बाकड्यांवर माणसं निजलेली.

तो धावत बाहेर आला.

लॉरी जागच्या जागी होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मागच्या चाकाला दगड लावलेला. चांगला मोठा, चाकाच्या बेतानं बघून, आत सारून.

बलभीम वाकला. दगडावर काळं ग्रीस होतं. चार बोटं वर, अंगठा खाली, पंजा उमटलेला.

त्यानं हात लावून बघितलं. अजून ओलं होतं.