मनापासूनची चेष्टा

वारासिवनीच्या भंगारवाल्याकडे अहिल्येने एक जुना व्होल्टमीटर उचलला, आणि त्याच वेळी त्याची कातडी पेटी आणि दोन तारा एका परक्या हाताने उचलल्या.

"हा मीटर मी घेतला," ती म्हणाली.

"घ्या ना जी. पेटी मी घेतली." तो हसला. "आता... दोघांचंही अडलं."

ही सहासष्ट सालची, मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडची गोष्ट. तो नंदकिशोर, किरनापूरचा, रेडिओ दुरुस्त करणारा. घर मराठी, पण शिक्षण जबलपूरला हिंदीतून. अहिल्या बालाघाटच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची. जुने मीटर जमवायचे, पुसायचे, चिठ्ठी लावून कपाटात जपायचे, हे तिचं खूळ. जोडी फुटायला नको म्हणून पेटी तिच्या घरी आली, आणि पेटीमागून दर रविवारी पेटीचा मालकही. तो मऊ ब्रशने काचेवरची धूळ काढायचा, ती काट्याकडे बघायची... खरं तर त्याच्या बोटांकडे.

अशात नागपूरचं स्थळ आलं. बाबा, म्हणजे बंडोपंत, सोमवारी होकार कळवणार होते.

आदल्या रविवारी तिनं आडून विचारलं, "मीटरसाठीच येता का एवढ्या दूर?"

तो तारांचा गुंता सोडवत राहिला. कान लाल झाले होते. "नाही जी. मी तं... तुमच्याशी लग्नाची चेष्टा करून राह्यलो. सहा महिने झाले."

अहिल्येने चमकून वर पाहिलं. म्हणजे ही सगळी थट्टाच? आणि सांगतो कसा तोंड वर करून? पण थट्टा करणाऱ्याचे कान असे लाल होतात होय? राग यायला हवा होता, आलं मात्र रडू.

"चेष्टा? काहून? कशासाठी?"

"काहून म्हणजे? मनापासून करून राह्यलो. बाबूजींसमोरही करीन."

ती आणखीच गोंधळली. मनापासून चेष्टा, तीही वडिलांसमोर?

"हिंदीत सांगा," ती कशीबशी म्हणाली.

"हिंदीत नको. हिंदीत मले... खरं बोलायची भीती वाटते."

"सांगा."

"कोशिश," तो पुटपुटला. "चेष्टा मतलब कोशिश. आपसे ब्याह की।"

तिनं कपाळाला हात लावला. "मराठीत चेष्टा म्हणजे मजाक होते जी."

त्याचा चेहरा उतरला. "मजाक? मी... मजाक म्हटलं तुम्हाले?" तो जायला उठला.

"बसा. बाबा आतच आहेत, त्यायले विचारा. पण प्रयत्न म्हणा, चेष्टा नका म्हणू."

"अन् तुम्ही? तुम्ही काय म्हणान?"

या वेळी कुठलाच शब्द निसटू नये म्हणून ती सावकाश, एकेक अक्षर तोडून बोलली.

"मले तुम्हीच पायजे."