रंग न दिलेलं काळीज

सोचिमिल्को गावात, कालव्याकाठच्या एका प्रयोगशाळेत ओर्तेन्सिया नेहमीच्या कामाला बसली होती. सूक्ष्मदर्शकाची खोली भर दुपारीही काळोखी ठेवावी लागे. उजेडात काचपट्टीवरची चमक विझते. फॉर्मॅलिनचा उग्र वास, पंख्याची घरघर, बाकी शांतता.

आशोलोत्ल हा पाण्यातला सरड्यासारखा, डोक्यामागे दोन्ही बाजूंना कल्ले असलेला जीव. त्याच्या हृदयाला इजा केली, तरी ते पुन्हा भरून येतं. विभागणाऱ्या पेशी टोचलेला रंग टिपतात आणि हिरव्या चमकतात. तांबड्या स्नायूतले तेवढेच ठिपके मोजायचे. एका जनावराला मात्र रंग मुद्दाम देत नाहीत. त्याची पट्टी अंधारी राहिली, तरच बाकीची मोजणी खरी.

ओर्तेन्सियाला स्वतःलाच उन्हाळ्यात हृदयाचा झटका येऊन गेला होता. सोमवारी तपासणी होती. हृदयावरचा व्रण वाढला असेल, तर छाती उघडणार होते.

ती ते बिनरंगाचं जनावर टाकीतून उचलत असताना, टाक्या सांभाळणाऱ्या फिदेन्सिओनं तिला हटकलं होतं.

"दोन्या ओर्तेन्सिया, आभार मानायचे न् उचलायचं. तुम्ही त्याच्याकडे मागत काय बसलात?"

"अरे, त्याचं भरून येतं, थोडं मलाही दे म्हटलं. तुझ्या खिशातून जातंय का?"

"आमच्यात मागत नाहीत. आजी तर आभार मानून हात पटकन बाहेर काढायची."

आता तिनं त्याच जनावराच्या हृदयाची पट्टी भिंगाखाली सरकवली. हिरवे ठिपके. जोडीजोडीनं.

"फिदेन्सिओ... याला रंग दिलास?"

"नुसतं मिठाचं पाणी," दाराबाहेरून आवाज आला. "ह्याच हातानं."

ठिपके विझत होते, पेटत होते. मेलेल्या मांसात... तिनं स्वतःची नाडी धरली. ठोका आणि चमक एकच. शेवाळाचा ओला वास अगदी गालाजवळ आला आणि छातीत डावीकडे काहीतरी ऊबदार पसरत गेलं. दुखलं नाही. तिचे डोळे भरून आले.

"उपकार झाले रे, बाळा," ती पट्टीला हळूच म्हणाली.

सोमवारी डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "व्रण नाही. असं मी कधी पाहिलेलं नाही." मग त्यांचा हात थबकला. "पण खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत... सापडत नाहीये. तुम्ही इथवर चालत कशा आलात?"

"चालत? पूल धावत चढले, बाई!"

परतताना तिनं फिदेन्सिओसाठी मक्याच्या पिठाचे गरम तामाल घेतले आणि सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"दोन्या... त्यांच्या काळजाला खाली एकच कप्पा असतो."

तिला ते माहीत होतंच. तरी ती मनापासून हसली. इतका सुखाचा श्वास किती महिन्यांनी घेत होती! फक्त सकाळपासून, दोन्ही कानांखाली, गार वारा आत शिरत होता.