ओळ एकशे बारा

सकाळी सव्वासातला उगाल्देबाईंचा फोन वाजला, तेव्हा कॉफी अजून कापडी गाळणीतून पुरती उतरलीही नव्हती.

"वैद्यकीय पत्रिकेच्या संपादक ना? मी डॉक्टर ग्रेविन मेना. दक्षिणेकडे, पामच्या मळ्यांमधला दवाखाना." आवाज तरुण होता, आणि पोरगा रात्रभर झोपलेला नव्हता हे कळत होतं. "किरोस यांचा सर्पदंशावरचा लेख तुम्ही छापलात. तेर्सिओपेलो साप चावला तर प्रतिविषाच्या दहा कुप्यांऐवजी पाच द्या आणि बारा तास थांबा, रक्त आपोआप गोठायला लागतं, असं त्यात म्हटलंय."

"हो, मार्चच्या अंकात. का?"

"पाच तासांपूर्वी पाच दिल्या. रक्त अजून पाण्यासारखं आहे. यिर्लानी नाव तिचं, चौदा वर्षांची पोर. तिला उचलायला गेलेल्या बापाला त्याच सापाने धरलं. त्याचं रक्त अजून गोठतंय, पण हात कोपरापर्यंत सुजलाय. माझ्याकडे पाचच कुप्या उरल्यात. दरड पडून रस्ता बंद, धुक्यामुळे हेलिकॉप्टर नाही. नवा माल तीन वाजता येईल, आला तर. तुमचा लेख खरा असेल तर या पाच बापाच्या. खोटा असेल तर मुलीच्या. बोला."

बाई मूत्रपिंडाच्या डॉक्टर. सापांबद्दल त्यांना नावाजलेला तज्ज्ञ किरोस सांगेल तेवढंच ठाऊक.

"दोन तज्ज्ञांनी तपासलाय तो लेख," त्या म्हणाल्या.

"मग त्यांना विचारा. अर्धा तास थांबतो."

कॉफी तशीच टाकून बाई निघाल्या. पत्रिकेचं कार्यालय घरापासून दोन चौकांवर. तिथली कारकून मारिएलोस सात वाजताच येऊन बसलेली असायची. बावीस वर्षं पत्रिकेचा गाडा तिनेच ओढला होता, आणि त्याबद्दल शब्दाचंही कौतुक तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

"किरोसची फाइल दे. लवकर."

"त्या लेखाने माझा जीव खाल्ला होता," फाइल काढता काढता ती म्हणाली. "परीक्षकांना लेखक कळू नये म्हणून त्याचं नाव पुसा, प्रत्येक पानाखालची हॉस्पिटलची पट्टी कापा. पट्टीबरोबर पानाचा आकडाही जातो, मग ओळींना आकडे घाला. एवढं केल्यावर मीच परीक्षकांना पाठवते. त्यांची उत्तरं मात्र सिबाहा सरांकडे जातात, आणि अभिप्राय फाइलला तेच लावतात. माझ्या हाती काय, कात्री."

सिबाहा म्हणजे सहसंपादक. लेखाला परीक्षक शोधायचे आणि त्यांच्याकडून अभिप्राय मिळवायचे, हे त्यांचं काम.

फाइलमध्ये दोन अभिप्राय होते. पहिला कोलंबियातल्या प्राध्यापक पांतोहा यांचा: 'मोलाचं काम. पान सातवरचा तिसरा परिच्छेद थोडा खुलवावा.' दुसरा पनामाच्या डॉक्टर ग्लादिस बातिस्ता यांचा: 'पान नऊवरचा तक्ता सुटसुटीत. अवश्य छापावा.' खाली बाईंची स्वतःची सही होती.

किरोसचा फोन बंद होता. पांतोहांनी उचलला.

"कुठला लेख? वर्षभर आजारी होतो हो मी. तुमच्या पत्रिकेला नाही म्हणून कळवलं होतं."

बाईंनी लगेच पनामाला फोन लावला.

"बातिस्ताबाई, किरोसचा सर्पदंशाचा लेख आठवतो?"

"लेखक कोण ते मला कधी कळवलं नव्हतंत. पण पाच कुप्यांचा लेख म्हणत असाल तर न आठवायला काय झालं? छापू नका म्हणून दोन पानं लिहिली होती मी."

"इथे तुमच्या नावाने 'अवश्य छापावा' असं आहे."

"थांबा, माझी प्रत काढते. हं. ओळ एकशे बारा. एकतीस रुग्णांपैकी एकोणिसांना सूजच नव्हती. अहो, कोरडे दंश ते, सापाने विष सोडलंच नव्हतं. त्यांना पाणी टोचलं असतं तरी बरे झाले असते. ज्यांना खरंच विष चढलं, त्यांना पाच देऊन थांबायचं म्हणजे मारायचंच की. कुणी थांबलं तर नाही ना तिकडे?"

बाईंनी फोन तोडला आणि मेनाचा नंबर फिरवला. पस्तीस मिनिटं झाली होती.

"थांबू नका. लेख खोटा आहे. मुलीला द्या."

"आणि बापाला?"

बाई भिंतीवरच्या घड्याळात तीनला किती तास उरलेत ते मोजू लागल्या.

"तो शुद्धीवर आहे," मेना म्हणाला. "पण त्याला विचारायचीही गरज नाही. पोरीला द्या, हेच तो मघापासून घोकतोय."

नऊला सिबाहा आले. साठीचा, नीटनेटका माणूस. बाईंना संपादनातलं सगळं त्यांनीच शिकवलेलं. टेबलावरची फाइल पाहून ते दारातच थबकले.

"बसा, सर. दोन्ही अभिप्राय बनावट आहेत."

"किरोसचा उद्योग असणार. हल्ली लेखक खोटे परीक्षक उभे करतात."

"मलाही आधी तेच वाटलं. पण बातिस्ताबाई खऱ्या आहेत. लेख त्यांना मिळाला आणि नकार त्यांनी इथे पाठवला. तो बदलला गेला या कार्यालयात आल्यावर. इथे दोघंच, मारिएलोस आणि तुम्ही."

मारिएलोसचा चेहरा पांढराफटक पडला.

"परीक्षकांकडे जाणाऱ्या प्रतीत पानांचे आकडे नसतात, ओळींचे असतात," बाई पुढे म्हणाल्या. "बातिस्ताबाईंनी मला ओळ सांगितली. या दोन्ही अभिप्रायांत पान सात आणि पान नऊ आहे. म्हणजे लिहिणाऱ्यापुढे मूळ प्रत होती. मारिएलोस ते आकडे स्वतः कापते, ही चूक तिच्या हातून व्हायची नाही. आणि फाइलला अभिप्राय तिच्याकडून लागतच नाहीत. मूळ प्रत पुढ्यात ठेवून काम करता ते तुम्ही."

सिबाहांनी चष्मा काढला.

"सतरा जणांना विचारलं," ते म्हणाले. "कुणाला वेळ नाही, कुणी उत्तरच देत नाही. नऊ महिने गेले. एक अभिप्राय आला तोही नकाराचा. आणि तुम्ही रोज माझ्या डोक्यावर बसलेल्या. अंक वेळेवर निघाला नाही तर पत्रिका आंतरराष्ट्रीय यादीतून जाईल, काय वाटेल ते करा, हे कोण म्हणालं होतं?"

"खोटं करा असं नव्हते म्हणाले."

"नव्हतात म्हणाल्या. किरोस मोठा माणूस, वाटलं, चुकून चुकून किती चुकणार. आणि शेवटची सही तुमची आहे, उगाल्देबाई. फाइल उघडून पाहिली होतीत? उघडली असती तर हे पानांचे आकडे तेव्हाच दिसले असते. आज एका सकाळीत दिसलेच ना."

बाईंना त्यांचा भयंकर राग आला. पण किरोसच्या फाइलवर सही केली त्या दुपारी त्यांनी अशा अकरा फायलींवर सह्या केल्या होत्या आणि चारच्या सभेला वेळेवर पोहोचल्या होत्या.

"मारिएलोस, लिही," त्या म्हणाल्या. "हा लेख मागे घेण्यात येत आहे. परीक्षकाने तो छापू नये असं कळवलं होतं. संपादकांनी न वाचता सही केली. आत्ताच्या आत्ता देशातल्या प्रत्येक दवाखान्याला पाठव."

"सिबाहा सरांचं नाव?"

"दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत माझं."

दीड वाजता मेनाचा फोन आला.

"मुलीचं रक्त गोठायला लागलंय. पाय बहुतेक वाचेल."

"आणि वडील?"

"अकरानंतर हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग डोक्यातही रक्तस्राव झाला असावा. पंधरा मिनिटांपूर्वी गेले." तो रडत नव्हता, फार थकला होता. "माल घाटापर्यंत आलाय म्हणे."

"डॉक्टर मेना, मी..."

"नको, बाई. ती बाबा कुठे म्हणून विचारतेय. मी सांगायला चाललोय. तुम्ही फोन ठेवू नका."

बाईंनी फोन ठेवला नाही. आधी पावलांचा आवाज आला. मग दार उघडलं, आणि एका मुलीने विचारलं, "बाबा उठले का?"