उंबरटाक्याचं पाणी

"ताडपत्री स्वराजकडची, पातेलं माझ्याकडचं, तिखटमीठ अपेक्षाकडचं," मानसी वहीत लिहीत होती. "आता राहिलं काय?"

"पाणी," स्वराज म्हणाला.

वडिवळ्याच्या धरणामागचा डोंगर तीन तास चढला की उंबरटाक्याचं पठार लागतं. तिथे घर नाही, दिवा नाही, फोनला रेंज नाही. नाताळच्या सुट्टीत तिथेच मुक्काम ठोकायचा, हे तिघांनी गणपतीतच ठरवलं होतं. सोबतीला स्वराजचे कैलासकाका येणार होते. मे महिन्यात मानसीच्या बाबांची जळगावला बदली होणार होती, म्हणजे तिचा इथला हा शेवटचाच हिवाळा. पण मागच्या आठवड्यात कैलासकाका वर जाऊन आले आणि झऱ्याच्या पाण्यावर भरणारं तिथलं टाकं कोरडं पडल्याची बातमी घेऊन आले. मानसीच्या बाबांनी लगेच निकाल दिला, "पाणी नाही तर मुक्काम नाही."

बाजेवर ऊन खात बसलेले स्वराजचे आजोबा, केरबा आबा, मात्र मान हलवत होते.

"टाकं आटलं म्हनं. माज्या जन्मात ह्या दिसांत न्हाई आटलं. गुरं घिऊन ऱ्हायाचो आमी तितं. पेंढ्यात निजायचं, सकाळी टाक्यात हात घातला की पानी कोमट लागायचं. शिमग्यापत्तुर आटायचं न्हाई." आबांनी गुडघा चोळला. "औंदा पाय चालंना, न्हाईतर मीच गेलो असतो."

आबा हे सांगत असताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला, की मानसीला वाटलं, आपल्याला पाणी हवंय त्याहून जास्त ते आबांना हवंय.

"आपण दिवसाउजेडी जाऊन बघून येऊ," चौदा वर्षांची अपेक्षा म्हणाली. तिघांत ती मोठी, त्यामुळे चारच्या आत परतण्याच्या अटीवर परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तिघं पठारावर पोचली. टाकं खरंच कोरडं होतं. तळाशी उंबराची पानं आणि भेगाळलेला गाळ. टाक्याच्या खालच्या अंगाला कैलासकाकांचं भाताचं खाचर, तेही कापणी होऊन मोकळं पडलेलं.

"झालं, काका खरं बोलले," स्वराज मटकन खाली बसला.

"काका टाक्यापाशी आले, वाकून बघितलं आणि परत गेले," अपेक्षा म्हणाली. "झऱ्यापर्यंत कोण गेलं?"

मानसी मात्र डावीकडे बघत होती. सगळं पठार वाळून पिवळं पडलेलं, आणि ओढ्याच्या अंगाला गवताचा एकच पट्टा हिरवागार.

"हिवाळ्यात याला पाणी कोण घालतं?"

तिघं त्या पट्ट्याच्या कडेकडेने वर चढली. जेमतेम पन्नास पावलांवर झरा खळखळत होता! टाक्याकडे जाणारा पाट एका ठिकाणी कुदळीने फोडलेला होता आणि सगळं पाणी ओढ्यात चाललं होतं.

स्वराजने कपाळाला हात लावला. "कापणीच्या आधी पाट फोडतात, टाकं भरून वाहायचं थांबावं आणि खाचर सुकावं म्हणून. भात घरी गेलं की पुन्हा बांधायचा असतो. आबा पाट बांधल्याशिवाय भाकरीचं फडकं सोडायचे नाहीत."

"आणि काका?"

"भात घरी नेलं त्या दिवशी काकांना मळवलीला, ते राखण करतात त्या बंगल्यावर जायची घाई होती. पाहुणे येणार होते." स्वराजला हसू आवरेना. "स्वतः पाट फोडला आणि स्वतःच झरा आटल्याची दवंडी पिटली."

मग तिघं कामाला लागली. दगड रचले, खाचरातला पेंढा कोंबला, वर चिखल थापला. बांध दोनदा वाहून गेला. अपेक्षाची सलवार कमरेपर्यंत बरबटली, मानसीच्या नाकालाही चिखल लागला. तिसऱ्यांदा मात्र पाणी थबकलं, वळलं आणि पाटाने टाक्याकडे निघालं. तिघं त्याच्यासोबत चालत खाली आली. निघायच्या वेळी टाक्यात घोटाभर पाणी साठलं होतं. मानसीने हात घातला. पाणी कोमट होतं.

संध्याकाळी सगळी हकिकत ऐकून कैलासकाकांनी मान खाली घातली. "इसरलोच मी. पाव्हन्यांच्या नादात पार इसरलो."

मानसीचे बाबा मोठ्याने हसले. "मोठ्यांनी बातमी आणली आणि मुलांनी ती तपासली. शाबास! जा, दोन रात्री राहून या."

"पातेली मी वाहतो," काका पुटपुटले.

आबांनी तिघांना जवळ बोलावलं आणि त्यांचे मातीने राठ झालेले हात बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवले. "पाट बांधाया माज्या बापानं मला दावलं, मी कैलासला दावलं. वाटलं, आता संपलं. पर न्हाई संपलं."

मानसीला खूप आनंद झाला आणि त्याच क्षणी रडूही आलं. "पुढच्या वर्षी मी नसेन, आबा. पाट कोण बांधणार?"

"मी बांधीन की," स्वराज म्हणाला. "पण कापणी झाली की तुला कळवीन, आणि तू येईपर्यंत फोडलेलाच ठेवीन."

"खुळ्या, तवर टाकं कोरडं ठेवतोस व्हय?" आबा म्हणाले. "तू बांध येळच्या येळी. ती आली की पानी पाजायचं तिला."